धाकलीचा पाय

माय, धाकलीला तुझाच आजार झालाय, आणि मला तिचा हेवा वाटतो. एवढं एक वाक्य लिहून मघाशी मी पेन खाली ठेवलं होतं. चहा करून आले, वाक्य पुन्हा वाचलं, खोडलं नाही. तू असतीस तर हातातली फुंकणी आपटून म्हणाली असतीस, या पोरीचं डोकं जाग्यावर न्हाई. नसेल. पण तुला लिहायला बसलेय तर तुझ्यापुढं तरी शहाणपणाचा आव कशाला आणू? तू गेलीस तेव्हा तुझ्या दुखण्याला नावं पुष्कळ होती, खरं एकही नव्हतं. आधी चमक म्हणाले, मग वात म्हणाले, मग कुणाची तरी नजर म्हणाले, आणि शेवटी तालुक्याच्या डॉक्टरनं मणक्याचा क्षय ठरवून लघवी लालभडक करणाऱ्या गोळ्या दिल्या. त्या घेत घेतच तू गेलीस. आता इतक्या वर्षांनी मला ते नाव पाठ झालंय. मायलोमा. हाडांच्या आत जो मगज असतो, त्यात होणारा कॅन्सर. आणि तो तुझ्या दोन पोरींपैकी गाठून गाठून तिलाच झाला.

तुझं जे जे होतं ते सगळं तिच्याकडं गेलं, हे तर मी लहानपणापासून बघत आलेय. तुझे गुडघ्यापर्यंतचे केस तिला, तुझा आवाज तिला, हसताना ओठावर पदर धरायची सवयसुद्धा तिला. मी आबांच्या वळणावर गेले, रुंद हाडाची आणि तोंडानं फटकळ. आणि हे कमी होतं म्हणून की काय, ती जन्मताना पाय पुढं करून आली. पायाळू. सुईणीनं तुझी आशा सोडली होती म्हणतात, पण तुम्ही दोघी वाचलात आणि आपल्या धावड्यात गवगवा झाला, की आता गावात चमक काढणारी आली. पायाळू माणसानं पाठीला पाय लावला की भरलेली चमक निघून जाते, यावर तुमच्या सगळ्यांचा देवावर नसेल एवढा भरवसा. धाकली धड चालायलाही लागली नव्हती, तेव्हापासून बायका तिला काखेतून उचलून न्यायच्या आणि तिचा इवलासा पाय कुणाच्या तरी कमरेला तीनदा टेकवायच्या. येताना तिच्या मुठीत गुळाचा खडा नाहीतर खोबऱ्याचा तुकडा असायचा. मला कुणी कधी कुठं उचलून नेलं नाही. मी तिच्या मागं मागं चालायची आणि तिनं अर्धा चोखलेला गूळ मागायची.

पायाळू माणसावर वीज पडते, हीही तुमचीच समजूत. अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या असायच्या आणि अवकाळी ढग आले की तू धाकलीला मांडीवर ओढून घ्यायचीस, डोक्यावरून घोंगडी टाकायचीस आणि मला ओरडायचीस, "जल्दी मिरच्या भर, भिजून राह्यल्या!" मी त्या कडकडाटात एकटी पोत्यात मिरच्या कोंबायची. माझ्यावर वीज पडू शकते हे घरात कुणाच्या डोक्यातच येत नसे. घोंगडीच्या फटीतून धाकली माझ्याकडं बघायची, एकदा तर तिनं मला जीभ दाखवली. त्या दिवशी मी मनातल्या मनात वीज मागून घेतली, की माझ्यावर पड, म्हणजे हिला कळेल वीज कुणावर पडते ते. पडली नाही. मिरचीचे हात डोळ्यांना लागले आणि मी आगीनं रडत बसले, तर तू म्हणालीस, एवढ्यातेवढ्याला रडायला तू काय लहान आहेस? मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन.

मग तुझीच पाठ दुखायला लागली. ती सकाळ आठवायला मला डोळेसुद्धा मिटावे लागत नाहीत. चुलीपुढची जमीन नुकती सारवलेली आहे, मी परातीत भाकरी थापतेय, आणि तू चुलीपासून हातभरावर पालथी झोपली आहेस. धाकली शाळेचा झगा घालून मेढीच्या खांबाला धरून उभी आहे. ती उजव्या पायाची टाच तुझ्या कमरेच्या वर ठेवते आणि हळूच भार देते. तू श्वास सोडतेस. "हां, तितंच," म्हणतेस. इतक्या मऊ आवाजात तू दुसरं काही बोललेली मला आठवत नाही. देवापुढं नाही, आबांशी नाही, माझ्याशी तर नाहीच. मी रोज ते ऐकायची. रोज सकाळी माझ्या भाकरीचा एक तरी कोपरा करपायचा. एकदा धीर करून मी विचारलं, माय, आज मी देऊ का पाय? तू मान वळवूनही बघितलं नाहीस. म्हणालीस, "तुह्या पायानं काय व्हतंय? तू सरळ आल्तीस. भाकर बघ, करपून राह्यली." सरळ आल्तीस. डोक्याकडून, सगळ्यांची लेकरं येतात तशी. तुला काही त्रास न देता जन्मले, ही माझी चूक झाली होती.

तू वाळत चालली होतीस. चढ चढताना थांबायचीस, ओठ पांढरे पडले होते. मोरीत फेसच फेस दिसतो म्हणून तू शेजारणीला कुजबुजल्याचं मी ऐकलं होतं, पण त्याचा अर्थ तेव्हा कुणाला ठाऊक? आणि मग तो दिवस आला. मिरचीची तोडणी चालू होती. सकाळी धाकलीनं नेहमीसारखा पाय दिला आणि ती शाळेत गेली. माझी दहावीची शाळा दुपारची, म्हणून मी घरीच होते. तू उठून बसलीस, बसल्या जागी पाठीला हात लावून जरा वेळ तशीच राहिलीस. दुखणं गेलेलं नव्हतं, हे मला दिसत होतं. घरात आपण दोघीच. मी कालवण ढवळत होते आणि वाट बघत होते, की आता तरी तू म्हणशील, ये बरं, तू दाबून बघ. तू भाकरीचं फडकं बांधलंस, भिंतीला धरून उठलीस, "कालवणावर झाकण ठेव," म्हणालीस आणि रानात गेलीस. तुझ्या पायांवर उभी राहून तू मला शेवटचं बोललीस ते एवढंच. दुपारी तुला बैलगाडीत झोपवून आणलं. मिरचीच्या ओळीत वाकलीस ती वर उठलीच नाहीस म्हणे. त्यानंतर तू चुलीपुढं कधी आली नाहीस, आणि धाकलीला कुणी पाय लावू दिला नाही. पावसाळा सरायच्या आत तू गेलीस. लघवी बंद झाली, अंग सुजलं, आणि गेलीस.

नंतरचं थोडक्यात सांगते. धाकलीला हसनाबादला दिली. तिच्या आधी तिच्या पायाची कीर्ती तिथं पोचली होती. सासरी पहिल्याच आठवड्यात ओट्यावर चमकवाले येऊन बसले. मी शिकले, जालन्यात बियाणाच्या कंपनीत लागले आणि आयुष्यभर लोकांच्या शेतातले बीजोत्पादनाचे प्लॉट तपासत हिंडले. पाठ माझीही दुखते. अधूनमधून चमक भरते. मी कमरेला पट्टा बांधते, मलम लावते, गोळी खाते, पण धाकलीचा पाय मी कधी लावून घेतला नाही. ती म्हणायची, आक्का, आडवी हो, पाच मिनिटाचं काम. मी म्हणायची, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. विश्वासाचा काय संबंध होता, हे तुला सांगायला नको.

गेल्या वर्षी तिचीच पाठ धरली. पायाळूच्या पाठीला पाय कुणी द्यायचा, यावर तिच्या घरात थोडी गंमतही झाली. मग ती थकायला लागली, रक्त कमी निघालं, रक्तवाढीच्या गोळ्यांनी काही फरक पडेना. मी तिला जालन्यात आणून दाखवलं. पाठीचा मोठा फोटो काढला तर एक मणका दबून चपटा झालेला. किडनीवरही ताण दिसत होता. तिथल्या डॉक्टरांना शंका आली, त्यांनी रक्तातल्या प्रथिनांची तपासणी करवली, आणि आम्हाला संभाजीनगरला रक्ताच्या आजारांच्या मॅडमकडं पाठवलं. मॅडम तरुण आहेत, आपल्या लातूरकडच्या. घाई करत नाहीत. हाडातला मगज थोडासा काढून तपासला आणि मग आम्हा दोघींना समोर बसवून नीट समजावून सांगितलं. म्हणाल्या, मगजात रक्त तयार होतं, आणि तिथंच काही पेशी अशा असतात की त्या रोगाशी लढायची प्रथिनं बनवतात. प्रत्येकीचं प्रथिन वेगळं, कारण रोग वेगवेगळे. त्यातली एकच पेशी बिघडते आणि स्वतःसारख्याच पेशी काढत सुटते. त्या सगळ्या मिळून एकच, काही उपयोगाचं नसलेलं प्रथिन बनवत राहतात.

धाकलीला काही कळलं नाही, तिनं नुसती मान हलवली. मला मात्र लख्ख कळलं. बियाणाच्या प्लॉटमध्ये एक भेसळीचं झाड राहून गेलं तर काय होतं, हे बघण्यातच माझा जन्म गेलाय. ते झाड तरारून वाढतं, आपलंच बी पाडतं, आणि दोन हंगामांत चांगल्या झाडाला पाय ठेवायला जागा उरत नाही. मी मॅडमना तसं म्हणाले तर त्या हसल्या, म्हणाल्या, बरोबर आहे ताई, तसंच. त्या पेशींची गर्दी झाली की चांगलं रक्त बनायला जागा नाही, म्हणून माणूस पांढरं पडतं. ते फुकटचं प्रथिन किडनीत अडकतं, म्हणून लघवीला फेस येतो आणि पुढं किडनी बंद पडते. आणि त्या पेशींमुळं हाड आतून विरघळत जातं, म्हणून पाठ दुखते, मणका बसतो. पूर्वी हे ओळखू यायचं नाही. आता औषधं चांगली आहेत, मुळासकट जात नाही, पण बरीच वर्षं दाबून ठेवता येतं.

मॅडम एकेक लक्षण सांगत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढं तू येत होतीस. पांढरे ओठ. मोरीतला फेस. मिरचीच्या ओळीत वाकलेली पाठ. मी धाकलीकडं बघितलं, ती माझ्याकडं बघत होती. तिलाही तूच दिसत होतीस. आम्ही दोघींनी तुझं सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, माणूस तपासल्याशिवाय छातीठोक सांगता येत नाही, पण जुळतंय खरं. मी विचारलं, मग हे आईकडून आलं का? तर म्हणाल्या, तसं ते वंशपरंपरेनं येत नाही, जवळच्या नातेवाइकांना शक्यता किंचित जास्त असते एवढंच. तेवढ्यात धाकली बोलली.

"मी रोज पाय देत व्हते तिच्या पाठीला," ती म्हणाली. "मंग मणका मपल्या पायानंच मोडला असंल."

मॅडमनी तिचा हात धरला. म्हणाल्या, मावशी, अशा हाडाला खोकला आला तरी पुरतं, नुसतं वाकलं तरी पुरतं. तुमच्या पायानं काही झालेलं नाही, आजारानं झालंय. धाकलीनं मान हलवली, मघाशी हलवली होती तशीच, काही कळलं नसताना. मला मात्र त्या खुर्चीत बसल्या बसल्या काय वाटलं ते लिहिते. मला वाटलं, बघा, हेही हिलाच. तुझ्या मरणातसुद्धा हिचा हात, म्हणजे पाय. मी तिथं कुठंच नाही. मी कालवणावर झाकण ठेवणारी.

मग मी आणखी एक प्रताप केला. मॅडम म्हणाल्या होत्या की काही जणांच्या रक्तात ते प्रथिन नुसतं थोडंसं दिसतं, वर्षानुवर्षं काही होत नाही, फक्त अधूनमधून तपासत राहायचं. घरच्या लोकांनी तपासायची गरज नाही, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी हट्टानं तपासून घेतलं. धाकलीला म्हटलं, काळजी वाटते म्हणून. खरं तर मला वाटत होतं, आजार नको, पण तेवढं तरी माझ्या रक्तात असू दे. तुझं काहीतरी. रिपोर्ट आला तो एकदम स्वच्छ. मॅडम म्हणाल्या, पेढे वाटा ताई. मी बाहेर येऊन रिक्षात बसले आणि रडले. रिक्षावाला बिचारा म्हणाला, मावशी, होईल सगळं बराबर. त्याला काय सांगणार, की बाबा, मी आजारी नाही म्हणून रडतेय?

धाकलीचे उपचार सुरू झाले. आठवड्याला पोटाच्या कातडीत इंजेक्शन, बरोबर गोळ्या, आणि महिन्याला हाडांसाठी सलाईन. आदल्या दिवशी ती जीपनं जालन्याला माझ्याकडं येते, सकाळी आम्ही बसनं संभाजीनगरला जातो. दोन महिन्यांत तिच्या पाठीचं दुखणं उतरलं, रक्त वाढायला लागलं. सगळं बरं चाललं असताना एका आठवड्यात ती आलीच नाही. तिच्या नवऱ्याचा फोन आला, "ताई, ती न्हाई म्हनून राह्यली. इंजेक्शन घेयाचंच न्हाई म्हंती." मी जीप धरून हसनाबाद गाठलं. भर दुपारची वेळ, तिचा नवरा रानात गेलेला. धाकली ओसरीत मिरच्यांचा ढीग पुढं घेऊन देठं खुडत बसली होती. पायांत मोजे, एवढ्या उकाड्यात.

विचारून विचारून तिनं सांगितलं. महिनाभर पायांना मुंग्या येत होत्या. आता तळवे बधिर झाले होते. चप्पल निसटली तरी कळत नव्हतं. इंजेक्शनमुळं असं होतं, पायाला मुंग्या आल्या तर लगेच सांगा, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मला आठवत होतं, तिलाही आठवत होतं. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? औषध कमी करतात, बदलतात, त्यात काय एवढं?

"काय बोलू?" ती म्हणाली. "ज्या पायानं माय मोडली तोच पाय चाल्लाय. बराबर हाय. जाऊ दे."

मी तिला मॅडमचं सगळं पुन्हा सांगितलं. खोकल्याचं सांगितलं, वाकण्याचं सांगितलं, रागावले, नवऱ्याची शपथ घातली. ती देठं खुडत राहिली. तिच्या चेहऱ्यावर एक शांतपणा होता आणि तोच मला सहन होईना. ती तुझ्याकडं निघाली होती, माय. तुझ्याच वाटेनं, तुझ्याच दुखण्यानं, तुझं देणं फेडल्यासारखी. आणि मला इथं ठेवून. तिला मरू द्यायचं नव्हतं, हे तर खरंच आहे. तिच्याशिवाय मला या जगात आक्का म्हणणारं कुणी नाही. पण त्याच्या जोडीला हेही होतं, की तुझ्याकडं तिनं पुन्हा माझ्या आधी जाऊ नये. यातलं जास्त कोणतं होतं ते मला विचारू नकोस.

मी म्हटलं, "त्या दिवशी तुझ्यानंतर मी पाय दिल्ता मायला."

तिचा हात थांबला. मी बोलत गेले. म्हटलं, तू शाळेत गेल्तीस. मायची चमक काही गेली नव्हती. घरात आम्ही दोघीच. मी मेढीला धरलं आणि नुसती टाच नाही, दोन्ही पायांनी उभी राहिले तिच्या पाठीवर. काहीतरी वाजलं. माय उठली आणि रानात गेली. मणका मोडला असेल तर तो माझ्यानं, तुझ्यानं नाही. एवढी वर्षं मी कुणाला सांगितलं नाही.

धाकली माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं ती रडेल, नाहीतर माझा गळा धरेल. तिनं विचारलं ते वेगळंच.

"मायनं तुला बोलिवलं?"

"हो."

"तू तर सरळ आल्तीस."

"तरी बोलिवलं."

"म्हंजे मपला पाय कमी पडला व्हता," ती म्हणाली, आणि तिचं तोंड असं काही झालं की मी चपापले. ते तोंड माझ्या ओळखीचं होतं. घोंगडीच्या बाहेर उभं राहून मी तिच्याकडं जशी बघायची, तशी ती माझ्याकडं बघत होती. ओठ आवळलेले, नाकपुड्या फुगलेल्या, पन्नाशी ओलांडलेली बाई आणि सहावीतल्या पोरीसारखी रुसलेली. तो मघाचा शांतपणा पार गेला होता. उरलेल्या मिरच्या तिनं तशाच सुपात लोटल्या. मला चहा विचारला नाही. जाताना दारापर्यंत आली नाही. मी परतीच्या जीपमध्ये बसले तेव्हा मला वाटलं, आता ही बहीण गेली, आणि इंजेक्शनही गेलं.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी जालन्याच्या स्टँडवर गेले, तर ती पिशवी घेऊन उभी. पहिल्या जीपनं आली होती. माझ्याशी बोलली नाही. बसमध्ये खिडकीची जागा तिनंच घेतली आणि अर्धा रस्ता बाहेर बघत राहिली. मध्येच एकदा म्हणाली, मी रोज देत होते, तू एकदाच दिला. मी म्हटलं, हो, एकदाच. पुढं तिनं विचारलं, दोन्ही पायांनी कशाला उभी राहिलीस, एवढीही अक्कल नव्हती? मी म्हटलं, नव्हती. मॅडमपुढं बसली आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच मोजे काढून दाखवले. महिनाभर लपवलं म्हणून मॅडम चांगल्याच रागावल्या. मग त्यांनी औषधाचं प्रमाण कमी केलं, दोन इंजेक्शनांमधलं अंतर वाढवलं, मुंग्यांसाठी गोळी दिली. धाकलीनं पोट पुढं केलं आणि इंजेक्शन घेतलं. माझ्यावरच्या रागानं घेतलं असावं. मला त्याचं काही नाही, कशानं का होईना.

आता बरीच बरी आहे ती. तपासणीत ते फुकटचं प्रथिन उतरत चाललंय. पुढं सोसलं तर तिच्याच चांगल्या पेशी काढून, मोठं औषध देऊन, परत तिलाच घालायच्या म्हणतात. त्याचा विचार चाललाय, आणि खर्चाचं सरकारी योजनेतून बसेल असं दिसतंय. चमकवाले अजून येतात तिच्या ओट्यावर. ती त्यांना सांगते, आधी पाठीचा फोटो काढून या. पायांची जाण हळूहळू परत येतेय. माझ्याकडं मुक्कामाला आली की संध्याकाळी कोमट तेल घेऊन मी तिचे तळवे चोळते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या पायांना हात लावला, माय. साधे पाय आहेत. टाचांना भेगा आहेत, करंगळीचं नख वाकडं आहे.

पण त्या सकाळचं ती सोडत नाही. दर मुक्कामाला तिला त्यातलं काहीतरी नवं विचारायचं असतं. मायचं तोंड कोणत्या बाजूला होतं, मेढ कोणती धरलीस, माय कण्हली का. मी सांगत जाते. मला ते आता इतकं नीट दिसतं की सांगताना अडखळावं लागत नाही. चुलीतली लाकडं दिसतात, तुझ्या पाठीवरचा पोलक्याचा ओला डाग दिसतो, आणि टाचेखाली ते लागतं, मऊ आणि गरम. काल तिचा उजवा पाय माझ्या मांडीवर होता आणि तिनं विचारलं, "तू पाय दिला तवा माय काय म्हनली व्हती गं?"

मी टाच चोळत होते. मान वर केली नाही. म्हटलं, "हां, तितंच. असं म्हनली."

धाकलीचे डोळे भरून आले. "तसंच म्हनायची," ती म्हणाली, आणि मला वाटतं त्या क्षणी तिला माझं सगळं खरं पटलं.

हे पत्र आता फाडून टाकते. पाठवायला तुझा पत्ता नाही, आणि घरात राहिलं तर एखाद्या मुक्कामात तिच्या हाती लागेल. तू मला बोलावलं नव्हतंस, हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. ते शब्द तिचे होते, माय. मी घेतले. परत द्यायचं माझ्या मनात नाही.